आतून काढलेलं दार

धाकटी चोपणं घेऊन जमीन बडवत होती आणि प्रत्येक घावाला माझ्या फळीवरची भांडी किणकिणत होती. दोन घरांत भिंत एकच. शेवटी मी उठले आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. दारात म्हणायचं आपलं. दार नव्हतंच. पोती उसवून, एकाला एक जोडून तिनं पडदा टांगला होता आणि वारा तो पडदा सारखा आत ढकलत होता.

"जमीन चोपतेस का कोणाचं टाळकं?"

"माती तीच असते, मावशी. पण मनात कोणाला तरी धरून मारलं की चांगली बसते." तिनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "हा कोपरा भाऊजींचा. तो जाऊबाईंचा. जरा मोठा आहे, तरी पुरत नाही."

आणि चोपण्याच्या ठेक्यावर गाऊ लागली. गळा गोड, शब्द मिरचीचे.

*उंबऱ्यावर वारा बसे, पाय पसरून पाहुणा,*
*माझ्या घराला दार नाही, दीर माझा शहाणा.*

गोष्ट सगळ्या आळीला ठाऊक होती. दोघा भावांची वाटणी झाली. थोरल्याला राहतं घर, गोठा आणि विहिरीकडची काळी जमीन. धाकट्याला माळाची मुरमाड पट्टी आणि हे घर. सासऱ्यानं उमेदीत बांधलेलं, पण पुढं त्यात माणूस राहिलाच नाही, नुसता चारा भरला. भिंतीला पोट सुटलेलं. कौलांतून ऊन असं गळायचं की जमिनीवर चांदणं सांडल्यासारखं दिसावं. उंदरांना तर वाटत होतं, हे घर त्यांच्याच बापाचं.

तरी ती दोघं हसत आली. तो गवंड्याच्या हाताखाली काम केलेला, ती वीटभट्टीवर वाढलेली. मातीची दोघांना लहानपणापासून ओळख. तो छपरावर बसायचा, ती खालून कौल फेकायची, तो झेलायचा. एखादं फुटलं की म्हणायचा, "लक्ष कुठंय तुझं?" ती म्हणायची, "छपरावर." मग दोघं हसायची. घर पडकं होतं, पण पहिलं होतं. पहिल्या घराच्या भिंतीवरून हात कसा फिरवतात, ते मी तेव्हा पाहिलं. आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

फक्त दार नव्हतं. वाटणीत "घर आहे तसं धाकट्याचं" असं चार माणसांसमोर ठरलं, आणि ही दोघं खाट-भांडी घेऊन येईपर्यंत थोरल्यानं दाराची फळी उतरवून नेली. रिकामी चौकट तेवढी उभी. विचारायला गेली तर म्हणाला, "चोरीला गेलं असेल. पडक्या घराला कोण राखण बसतंय?" आणि आठवडा जायच्या आत त्याच्या नव्या खोलीला हिरवा रंग फासलेलं दार लागलं.

"जाऊ दे," धाकटा म्हणायचा. "मी नवं करीन. दादाच आहे शेवटी."

"नवं केलं की चोरी पचली," ती म्हणायची. "मला नवं नको. मला तेच हवं. आणि त्यांच्या हातून हवं."

बिनदाराच्या घरात कोण येत नाही? शेळी आली, तिनं पीठ खाल्लं. कुत्रं आलं, ते चुलीपाशी झोपून गेलं. यांच्यावर तिनं राग धरला नाही. पण थोरलीही यायची. हाक नाही, चाहूल नाही. पडदा सारून सरळ आत, भांड्यांची झाकणं उचलून बघायची. "हेच का आज? माझ्या दिराला तिकडं बरं मिळायचं हो."

एका सकाळी धाकटी कोपऱ्यात अंघोळीला बसली होती. थोरली आली, बरोबर गिरणीवालीला घेऊन. पडदा वर केला आणि तसाच धरून उभी राहिली. "अगं बाई! न्हाताय का? आम्हाला काय माहीत, दार लावून घ्यायचं होतं!"

ते वाक्य गिरणीत दळण दळावं तसं दिवसभर दळलं गेलं. संध्याकाळपर्यंत गावातली पोरंटोरंही म्हणत होती, "दार लावून घ्यायचं होतं!"

धाकटी रडली नाही. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मला वाटतं, त्याच दोन दिवसांत तिच्यातलं काहीतरी मऊ होतं ते भट्टीत गेलं आणि वीट होऊन बाहेर आलं.

तिसऱ्या दिवशी ती थोरल्याच्या घरी गेली. मी सोबत होते, म्हटलं, हाणामारी नको व्हायला. पण ती भांडली नाही. हिरव्या दारापुढं उभी राहिली, त्याला वरखाली न्याहाळलं.

"काय बघतेस?" थोरली म्हणाली. "नाव लिहिलंय का तुझं?"

"नाही हो. रंग छान बसलाय म्हणते."

परत येताना ती हसत होती. ते हसू बघून मला जरा भीतीच वाटली.

"मावशी, कडी बघितली?"

"काय तिचं?"

"बाहेर आहे. चाऱ्याच्या घरात आतून कोण कडी लावणार? म्हणून मामंजींनी बाहेरूनच बसवली होती. भाऊजींनी सुताराला बोलावलं नाही. बोलावला असता तर त्यानं स्वतःचंच काम ओळखलं असतं. आपल्याच हातानं दार लावलं, जसं होतं तसं. आत कडी नाही. दाराआड पाटा दिसला ना, तोच टेकवून झोपतात दोघं."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं. गार वाऱ्यानं सगळी आळी आखडून बसली होती. थोरल्याची पोरं मामाकडं गेलेली, नव्या खोलीत नवरा-बायको दोघंच, आणि खोलीला दुसरं दार नाही. धाकटी गेली, हिरव्या दाराची कडी कोयंड्यात घातली, वर बोटभर काडी खोचली आणि समोरच्या दगडावर बसली. हातात पेचकस.

आधी दार हललं. मग धडधडलं.

"कोण आहे रे तिकडं? कडी कोणी लावली?"

"मी, भाऊजी."

आतून थोरलीचा आवाज, चिरका. "लाज नाही वाटत? उघड!"

"अगं बाई, आत आहात का? मला काय माहीत!"

माणसं जमली. गिरणीवाली आली, डोक्यावर दळणाची पाटी तशीच. गोठ्यात गाई हंबरू लागल्या, सड तटतटलेले. दुधाची गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. कडीला माझा हात सहज पोचत होता. मी हात पाठीमागं बांधून घेतले. बाकीच्यांचंही तसंच काहीसं झालं असावं. ती मात्र सुरात गात होती:

*कडी माझी, फळी माझी, लाकूड माझ्या सासऱ्याचं,*
*आत कोण गं कोंडलंय, काम नाही विचारायचं.*

"काय पाहिजे तुला?" थोरल्यानं झरोक्याला तोंड लावलं. हात जाईल एवढाच तो झरोका.

"दार."

"घेऊन जा की मग! उघड आधी!"

"उघडलं की तुम्ही बाहेर आणि दार जागेवर. नको. बिजागऱ्या आतल्या अंगाला आहेत." तिनं झरोक्यातून पेचकस आत दिला. "तुम्हीच लावलंत, तुम्हीच काढा."

तेवढ्यात धाकटा धावत आला. माती लागलेले हात, चेहरा उतरलेला. सगळी आळी त्याच्याकडं बघायला लागली. धाकटीसुद्धा. तिचं गाणं थांबलं.

"अरे, तुझी बायको बघ!" आतून थोरला ओरडला. "गावासमोर अब्रू काढतेय माझी! सांग तिला!"

धाकटा दाराजवळ गेला. हिरव्या रंगावर तळवा ठेवून उभा राहिला. कडीकडं त्याचा हात जाईल असं मला वाटलं. धाकटीलाही वाटलं असावं, तिनं ओठ घट्ट मिटले.

"दादा," तो हळूच म्हणाला, "खालच्या बिजागरीपासून सुरुवात कर. तिथला मधला स्क्रू आखूड आहे, लवकर निघतो. मी बाहेरून धरतो. पायावर पडेल नाहीतर."

कोणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळी आळीच हसली. आतून स्क्रू पिळल्याचा आवाज येऊ लागला. रंगानं चिकटलेले होते, एकेक निघताना किंचाळत होता. गाई हंबरत होत्या, दुधाची गाडी कंटाळून निघून गेली. शेवटचा स्क्रू निघाला तशी धाकटीनं कडी काढली, आणि दार दोघांच्या हातात आलं. मागं थोरला उभा. बनियनवर, केस विस्कटलेले, हातात पेचकस. त्याच्यामागं थोरली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून. आख्खं गाव आत बघत होतं.

धाकटीनं गिरणीवालीकडं बघितलं, मग थोरलीकडं. आणि नुसता थोरल्याच्या हातातला पेचकस मागून घेतला.

दोघांनी दार आडवं धरून आळीतून नेलं. आजारी माणसाला खाटेवरून घरी आणावं तसं, जपून, वळणावर थांबत. दुपारपर्यंत ते चौकटीत बसलं. कडी काढून त्यानं आतल्या अंगाला लावली. ऊन आणि वारा दोघंही बाहेर राहिली. आत अंधार झाला, गार, मातीच्या वासाचा. आपल्याच घरातला अंधार दोघांना पहिल्यांदाच भेटत होता. मीही तिथंच टेकले होते. मला पाणी द्यायला ती उठली, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. तीच चाल, सरळ आत शिरायची. पावलं दाराला धडकून थांबली.

मग थाप पडली. एकदाच, दबकी.

"धाकटे. अगं, मी आहे. उघड, बोलायचंय."

धाकटा उठायला गेला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"कोण?" ती मोठ्यानं म्हणाली.

"मी... थोरली."

"ऐकू नाही येत हो. दार लावून घेतलंय."

बाहेर उन्हात पाय घोटाळले. मग पुन्हा थाप पडली, या वेळी जरा मोठी. धाकटा हळूच म्हणाला, "अगं, पुरे आता."

तिनं डोळे मिटले होते. कोणीतरी खूप दिवसांनी आवडतं गाणं म्हणावं आणि आपण मधे बोलू नये, तसा तिचा चेहरा झाला होता.

"थांबा हो," ती म्हणाली. "अजून एकदा वाजवू द्या."