शासनमान्य तीर्थाचा चमत्कार

नारपोलीच्या नाक्यावर भरदुपारी ही गर्दी! कापडाचे लूम सोडून कामगार आलेले, रिक्षावाले रिक्षा आडव्या लावून टपावर चढलेले. सगळ्यांचे डोळे एका थाळीकडे. अन्नशुद्धी महाराजांनी सीताबाईच्या खाणावळीतल्या भातावर तपकिरी तीर्थाचे थेंब टाकले आणि पांढरा भात निळाकाळा पडला.

“विष!” महाराज गरजले. “तीर्थ खोटं बोलत नाही. वर शासनमान्य आहे!”

मागच्या फलकावर तसं छापलंही होतं, लाल शिक्क्यासकट. महाराजांनी मग चिमूटभर भस्म पाण्यात कालवून भातावर ओतलं. काळेपणा गेला! भस्माच्या पुड्यांवर लोक तुटून पडले.

सीताबाईने थाळी ओढून घेतली. लूमवाल्यांना जेवू घालूनच तिचं घर चालायचं. त्यात गाळ्याचे मालक केसरीनाथशेठ पहिल्या रांगेत हात जोडून उभे.

“सीताबाय, इखाचा धंदा माज्या गाल्यात नको. उद्याच गाला खाली कर.”

“आवो शेट, चांगला तांदूल हाय!” तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून सगळं बघत असलेली तिची सून मेघाली फोन ठेवून पुढे आली. ही शाळेत मुलांना विज्ञान शिकवायची आणि घरी सासूला. एरवी सीताबाईला त्याचा वैताग यायचा. आज सून दिसली तसा तिला धीर आला.

“महाराज,” मेघालीने हात जोडले, “एवढं पवित्र तीर्थ, थोडं स्वतःच्या अंगावर शिंपडा ना.”

“पुण्यवंताला कसली भीती?” म्हणत महाराजांनी ऐटीत तीर्थ उडवलं. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या उपरण्यावर निळेकाळे ठिपके उठले!

“अरे, महाराज के कपड़े में ज़हर!” कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“विष नाही, उपरणं कडक करणारी कांजी,” मेघाली कामगारांना म्हणाली. “तुम्ही सुताला लावता तसलीच. कांजीत स्टार्च, भातातही स्टार्च. आणि तीर्थ म्हणजे जखमेवर लावायचं आयोडीन. दोन्ही भेटले की निळंकाळं होणारच.”

तिने खाणावळीतली लिंबं आणली आणि महाराजांना हलू न देता उपरण्यावर पिळली. ठिपके फिके पडत गेले. “लिंबातल्या क जीवनसत्त्वाने रंग जातो. भस्मात त्याच्याच गोळ्या कुटल्यात. चाखून बघा, आंबट लागेल.”

केसरीनाथशेठनी चाखलं. तोंड वाकडं झालं.

“आता शासनमान्यतेचा नंबर सांगा,” मेघाली म्हणाली.

“तो... समाधीत मिळतो.”

“मग दंडही समाधीतच भरा. खाण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड होतो. चमत्काराच्या नावाने लुबाडलं तर जादूटोणाविरोधी कायद्याने तुरुंग. अन्न विभागाला आणि पोलिसांना फोन केलाय.”

महाराज सटकू लागले. केसरीनाथशेठनीच त्यांचं ओलं उपरणं धरलं. “बसा महाराज. सायेब येतीलच.”

पोलीस महाराजांना घेऊन गेले तसे भुकेले कामगार खाणावळीत शिरले. शेठही ओशाळून टेबलाशी बसले. सीताबाई भाताचं पातेलं घेऊन आली, पण वाढेना.

“पयलं सांगा. वर्सानुवर्सं माजा भात खाताव. कोनाचं पोट दुखलं?”

“मौसी, किसी का नहीं,” एकजण पुटपुटला.

“मंग एका थेंबाचं ऐकलंव, आनि सोताच्या पोटाला इचारलंव न्हाय?” तिने पातेलं टेबलावर ठेवलं. “फुडल्या टायमाला कोनी शिक्का दाखवला, तर आदी इचारा. कोनी दिला, कशावरून दिला. इचारायला कवडी लागत न्हाय.”

“गाला तुजाच, सीताबाय. वाढ,” म्हणत शेठनी मान खाली घालून ताट पुढे केलं.