ताठ मानेचा इनास

मुरुडच्या रस्त्याला समुद्राच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची एक लहानशी वस्ती आहे. तिथे इनासची पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी होती आणि मधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे त्याच्या धाकट्या भावाची, पास्कूची. बापाने जमीन दोघांत वाटली, पण विहीर एकच, ती पास्कूच्या वाट्याला गेली. पाणी दोघांनी पाळीने घ्यायचं, असं बाप सांगून गेला होता आणि कितीतरी वर्षं ते बिनबोभाट चाललंही होतं.

मग इनासची बायको आजारी पडली. तिला घेऊन तो मुंबईला लेकीकडे जाऊन राहिला आणि परत आला तो एकटाच. तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, देवळाच्या आवारात जेवणं चालली होती. कुणाशी तरी बोलता बोलता पास्कू म्हणाला, "दादा मुंबईला होता तवा त्याची वाडी मीच शिंपली. न्हायतर आज काय ऱ्हायलं असतं?"

यात खोटं काहीच नव्हतं. पण बायको जाऊन महिना झालेला, आणि भावाने चारचौघांत उपकार बोलून दाखवला, हे इनासच्या जिव्हारी लागलं. तो भरल्या ताटावरून उठला, देवळासमोरच्या क्रूसाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासून पास्कूच्या विहिरीचं पाणी माझ्या तोंडाला लागणार न्हाय. माझ्या झाडांनाबी न्हाय."

पास्कू हात जोडून मागे आला. त्याची बायको फिलू रडली. इनासने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याने स्वतःच्या वाडीत बोअर मारायला घेतली. म्हातारी माणसं म्हणाली, दर्या हाकेच्या अंतरावर आहे, फार खोल जाऊ नको, पंप जास्त ओढू नको. इनास खोल गेला. पहिली दोन वर्षं पाणी गोड लागलं. पास्कूला दिसावं म्हणून तो गरज नसतानाही पंप चालू ठेवायचा आणि पाणी पाटातून वाहू द्यायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याने चहा टाकला आणि दूध फाटलं. दूध बदललं, तरी फाटलंच. बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन त्याने चाखलं. दर्या आत शिरला होता.

पोफळी मिठाला नाजूक. झावळ्या पिवळ्या पडल्या, शेंडे करपत गेले. प्यायचं पाणी इनास एसटीच्या थांब्याजवळच्या नळावरून कॅनने आणायचा. वाट पास्कूच्या दारावरूनच होती. फिलू ओटीवरून बघत राहायची, तो मान ताठ ठेवून पुढे जायचा. दिवसचे दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. लेकीचा फोन आला की "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा. देवळात जाणंही त्याने सोडलं.

ईस्टरनंतर फादर घरं आशीर्वादित करायला वस्तीत फिरले, तेव्हा त्याच्याकडेही आले.

"मिस्सेला दिसत नाहीस, इनास."

"देवानं शिक्षा केली मला, फादर. केली तर केली. मी काय रडत जाणार न्हाय त्याच्याकडं."

फादर बाकावर बसले. "बायबलात मिसर देशातून निघालेले लोकही असेच ताठ मानेचे होते. देवाने त्यांना रानोमाळ फिरवलं. पण रोज सकाळी त्यांना आकाशातून खायलाही दिलं. रागावला म्हणून कधी उपाशी नाही ठेवलं."

"माझ्या दारात तर काय पडत न्हाय," इनास म्हणाला. फादर उठले. घरावर पवित्र पाणी शिंपडून निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इनासच्या लक्षात आलं, की गडग्यालगतच्या पोफळी अजून हिरव्या आहेत. त्याने आळ्यात हात घातला. माती ओली होती. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच येऊन झाडाआड थांबला. उजाडता उजाडता पास्कू पलीकडे आला आणि गडग्यावरून पाइप वाकवून इकडच्या आळ्यांत पाणी सोडू लागला.

"बंद कर ते," इनास म्हणाला. तीन वर्षांत भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

पास्कू दचकला, पण पाइप हलवला नाही. "तुला कुठं देतो? झाडांना देतो. बाबानं लावलेली हायत."

"माझी झाडं हायत."

"व्हय. तुझीच हायत."

इनासने घरातून कुऱ्हाड आणली. पास्कू बघत होता तोवर त्याने झाडाला हात लावला नाही. पास्कू खाली मान घालून निघून गेला, तेव्हा त्याने त्या ओल्या आळ्यातल्या पहिल्या पोफळीवर घाव घातला. चांगलं जिवंत झाड, फळाला आलेलं. घाव घालताना त्याला रडू येत होतं आणि त्याचाच राग येऊन तो आणखी जोरात घालत होता. झाड कलंडलं ते भलत्याच बाजूला. तो मागे सरला, ओल्या मातीत पाय घसरला, आणि खोड त्याच्या नडगीवर येऊन पडलं.

पाय पाटाच्या दगडात अडकला होता. खोड हलेना. ऊन चढलं. पलीकडे फिलू कोंबड्यांना दाणे टाकताना ऐकू येत होती, भांडी वाजत होती. एक हाक मारली असती तर माणूस धावत आलं असतं. इनासने दात आवळले. देवाला म्हणाला, तू सोडव. पुन्हा म्हणाला. झाडं गप्प, आकाश गप्प. दुपार झाली, जीभ टाळ्याला चिकटली. देवाशी बोलणं त्याला सोपं जात होतं, पास्कूचं नाव घेणं जात नव्हतं. आणि देव काही पास्कूला वगळून येणार नाही, हे हळूहळू त्याला कळून चुकलं.

"पास्कू," तो म्हणाला. आवाज फुटलाच नाही.

तेवढ्यात पलीकडे पंप सुरू झाला. इनास ओरडला. पंपाच्या आवाजात ते बुडून गेलं. आयुष्यात एकदाही हाक न मारणारा माणूस आता पुन्हा पुन्हा ओरडत होता, घसा सोलवटेपर्यंत. "पास्कू. बाबा रं, पास्कू." कुणी आलं नाही. शेवटी त्याने डोळे मिटून घेतले.

आणि लाइट गेली. पंप थांबला.

"पास्कू," तो अगदी हळू म्हणाला.

पास्कू गडगा ओलांडून आला. कसा आला कोण जाणे, गुडघे दुखायचे त्याचे. एकट्याच्याने खोड उचललं जाईना, तेव्हा फिलूही आली. आधी तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला. विहिरीचं पाणी होतं. इनास घटाघटा प्यायला.

अलिबागच्या इस्पितळात फादर भेटायला आले. "शपथ मोडली माझी," इनास म्हणाला.

"तू घेतली होतीस. देवाने नव्हती घेतली," फादर म्हणाले.

पाय कायमचा अधू झाला. वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं गेलीच. उरलेल्यांना पास्कूच्या विहिरीचं पाणी जातं. इनास काठी टेकत मिस्सेला जातो, शेवटच्या बाकावर बसतो. भावाभावांत बोलणं बेताचंच आहे. गेलेली वर्षं मध्ये बसलेली असतात. संध्याकाळी तो आपल्या घरी एकटाच जेवतो.

एकदा पाय फार ठणकत होता, तेव्हा त्याने फादरना विचारलं, "देवाला दुसरा काय मार्ग न्हवता का? जरा हलका?"

"दुसऱ्या कशाने तू हाक मारली असतीस?"

इनासने बराच वेळ खरोखर विचार केला.

"न्हाय," तो म्हणाला.