कपाटातली कान तपासायची पेटी

मित्रांनो, मला पेटी म्हणा, भंगार म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण आज माझं ऐकून घ्या. मी कान तपासायची जुनी पेटी आहे. दोन बटणं, एक फिरती चकती आणि मोठाले हेडफोन, एवढाच माझा संसार. वेल्समधल्या एका खोऱ्यातल्या शाळेत माझं सगळं आयुष्य गेलं.

शाळेच्या नर्स ग्वेंडाबाई मला काखोटीला मारून वर्गावर्गात न्यायच्या. मूल हेडफोन लावून बसायचं, बारीकसा आवाज ऐकू आला की हातातली लाकडी खुंटी डब्यात टाकायचं. जे मूल खुंटी धरून नुसतंच बसे, त्याला बाई लगेच दवाखान्यात धाडायच्या. "ही पेटी कुणाची भीडभाड ठेवत नाही," असं त्या हेडबाईंना ठणकावून सांगायच्या. काय मान होता माझा! मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांच्या जादा मदतीच्या खोलीतल्या कपाटात, एक मार्चला सेंट डेव्हिडच्या सणाला पोरी घालतात त्या शाली-टोप्यांखाली मला कोंबून टाकलं.

त्याच खोलीत एक दिवस यागोदा आली. सहा वर्षांची, पोलंडहून आलेली. तिची आई इरेना कोंबड्या कापून पॅक करायच्या कारखान्यात कामाला. मदतनीस नेरिस यागोदाला चित्रांचे पत्ते दाखवायची. पोरगी नेरिसच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि गप्प राहायची. मागून हाक मारा, खुर्ची आपटा, ती हलायची नाही. कपाटाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. पहिल्याच आठवड्यात मी काय ते ओळखलं.

त्या खोलीचे प्रमुख प्रॉसरसर. माणूस वाईट नव्हता, पण त्रेसष्ट मुलं आणि हाताशी एकटी नेरिस. "अगं, भाषा नवीन आहे. अशी पोरं वर्षवर्ष तोंड उघडत नाहीत. कानावर पडू दे," ते म्हणायचे. आता काय बोलावं! कानावर काही पडतंय का, तेवढं बघायला कुणालाच फुरसत नव्हती.

एकदा इरेना कामाच्या कपड्यांतच धावत आली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सर, ही घरी पण बोलत नाही. आधी खूप बोलायची. चार वर्षांची होती, मोठा ताप आला. मग गप्प."

"घरी कुठली भाषा बोलता?"

"आमची. पोलिश."

"मग तिथंच घोळ आहे. दोन भाषांत पोरगी गोंधळलीय. घरी पोलिश बंद करा."

"मला इंग्रजी येत नाही, सर."

"येईल तेवढं बोला हो. तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

इरेनानं मान डोलावली. शाळेतले सर सांगतायत म्हटल्यावर ती बिचारी काय बोलणार? तापाची गोष्ट सरांनी कागदावर उतरवलीसुद्धा नाही. मला अशी चीड आली! पण कुणी प्लग लावल्याशिवाय मला आवाजच फुटत नाही.

दोन वर्षं गेली. "ए भिंत, बॉल दे की!" असं मुलं यागोदाला चिडवू लागली. तिच्या फाइलवर 'शिकण्याची कुवत कमी' असा शेरा पडला.

फेब्रुवारीत टोप्या काढायला नेरिस वाकली आणि मी तिच्या हाताला लागले.

"हा रेडिओ कुठल्या राजाच्या काळातला गं?" शिपाई डेल्विन हसला.

"चावटपणा पुरे. प्लग बदलून दे."

नेरिसनं आधी स्वतःच्या कानांना लावून बघितलं. मग सहज म्हणून यागोदाला हेडफोन घातले, खुंटी दिली, खुणांनी समजावलं. मी आवाज दिला. मग मोठा दिला. मग होता नव्हता तेवढा जीव एकवटला. यागोदा खुंटी धरून नेरिसच्या ओठांकडेच बघत राहिली.

"अरे देवा, हिला ऐकूच येत नाहीये," नेरिस म्हणाली आणि त्याच दिवशी तिनं यागोदाला दवाखान्यात धाडायची सोय केली.

कानातली यंत्रं मिळायला जून उजाडला. तोवर नेरिसनं समोरासमोर बसून तिला थोडे इंग्रजी शब्द शिकवले होते. यंत्रं लावून दवाखान्यातून मायलेकी थेट आमच्या खोलीत आल्या. इरेना अजूनही सरांच्या आज्ञेप्रमाणे "गुड गर्ल, गुड गर्ल" एवढंच म्हणत होती.

"इरेना, आता तुमच्या भाषेत बोला," नेरिस म्हणाली. "मनात असेल ते सगळं बोला."

इरेना गुडघ्यांवर बसली आणि बोलतच सुटली. दोन वर्षांचं साठलेलं होतं ते. हुंदके येत होते, तरी थांबेना. यागोदाला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मग यागोदानं नेरिसची बाही ओढून इंग्रजीत विचारलं, "मिस, मम्मी काय बोलते?"

तापानंतरच्या चार वर्षांत यागोदा आपली भाषाच विसरली होती. नेरिसला पोलिश येत नव्हती. इरेना इंग्रजी शब्द शोधत राहिली, पण तिला ते सापडेनात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं गप्प मूल असेल, तर त्याच्या मागं उभं राहून हळूच हाक मारून बघा. ते वळलं नाही, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. आणि त्याच्या आईला तिच्या भाषेत बोलू द्या.