जिंकू द्या त्यांना

फुटबॉल लीगच्या फायनलच्या आदल्या आठवड्यात अंशुमन पटवर्धनांनी सिद्धांतला उचललं. सिद्धांत सुखदाच्या मालकीच्या फरीदाबाद क्लबचा स्ट्रायकर, अंशुमन गुडगावच्या श्रीमंत क्लबचे मालक. लीगचे नियम तेव्हा तसेच ढिले होते. दुप्पट पगारावर नेला आणि दोन सीझन नुसता बाकावर बसवला. खेळवायचा नव्हताच, फरीदाबादकडे राहू द्यायचा नव्हता, एवढंच.

सिद्धांतने अखेर फुटबॉल सोडला. करोल बागेत भावाच्या गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात सुखदाला तो दिसला. त्याने मान खाली घातली. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

गाझियाबाद क्लबचे मालक भालचंद्रकाका तिला लीगमध्ये सर्वांत जवळचे. ती थेट त्यांच्याकडे गेली.

"काका, अंशुमन मागतील तो खेळाडू देऊन टाकू. सगळ्या छोट्या क्लबांनी."

"अगं, मग आपण हरणार!"

"बिल्कुल. इतकं हरू, की बघायला कुणी येणार नाही. कोण जिंकेल ते माहीत नसतं, म्हणून लोक तिकीट काढतात."

काका आणि बाकीचे छोटे क्लब तयार झाले. हावरट अंशुमननी मिळतील ते सगळे खेळाडू घेतले. सहा-शून्य, आठ-शून्य, सात-शून्य. दिवाळीपर्यंत गुडगावच्या गॅलरीतले ढोल थांबले. जानेवारीत प्रेक्षकांपेक्षा सिक्युरिटीवाले जास्त होते. चॅनेल गेलं, स्पॉन्सर गेले. सगळ्या स्टार खेळाडूंचे पगार मात्र अंशुमनच्या गळ्यात.

ते फरीदाबादला आले. "सुखदा, काही खेळाडू परत घे. टीव्हीचं उत्पन्नही सारखं वाटू."

"हेच मी मागितलं होतं, तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये हसला होतात."

"चूक झाली, यार. लीग बुडेल."

"बुडू दे."

लीग बुडाली. सुखदालाही आपला कोच आणि निम्मी टीम सोडावी लागली. त्या रात्री ती रडली, पण मागे हटली नाही.

पुढच्या हिवाळ्यात उरलेल्या पाच क्लबांनी नवी लीग काढली. कमाई सगळ्यांत सारखी. अंशुमनचाही अर्ज आला.

"आता पुरे, सुखदा," काका हळूच म्हणाले. "संपलाय तो माणूस."

"सिद्धांतही संपला, काका."

अर्जाच्या विरोधात पहिला हात तिने वर केला. मग आणखी दोन आले. काकांचा आला नाही, पण तीन पुरेसे होते. बाहेर उभ्या अंशुमनना निर्णय सांगायला ती स्वतःच गेली.