स्वतःची गाय

लास पिएद्रासच्या मांसाच्या कारखान्यात निदिया बेंतांकुर बावीस वर्षं सुरी चालवत होती. साखळीला लटकलेलं अर्धं जनावर समोर यायचं, निदियाने त्याचा खांदा हाडापासून सोडवायचा, तोवर पुढचं हजर. तिचा हात जसा कारखान्यात प्रसिद्ध होता तसा तिचा रागही. मुकादम तिच्याशी बोलायला आला की आधी तिची सुरी कुठे आहे ते बघायचा.

या निदियाने सेहेचाळिसाव्या वर्षी एका क्यूबन माणसाशी लग्न केलं. एवेलिओ पुपो त्याचं नाव. गयाना, मग ब्राझील, कधी बसने कधी पायी, असं करत तो उरुग्वेत पोचला होता आणि एका दुकानात फ्रिज दुरुस्तीचं काम करत होता. तिचा फ्रिज बघायला आला, दोन तास खाली बसून खुडबुड केली, एक अवाक्षर काढलं नाही. निदियाच्या ओळखीतले सगळे पुरुष तोंडाची टकळी चालवणारे. तिला हा आवडला.

उरुग्वेच्या बाईचा नवरा म्हणून त्याला इथे कायम राहण्याचा परवाना मिळणार होता. लग्नाचा दाखला दिला, जन्माचा दिला, फोटो दिले. क्यूबाच्या पोलिसांचा दाखला तेवढा अडला, तो यायला आठ महिने लागले. त्यात काही निघणार नाही ना, असं निदियाने एकदा विचारलं होतं. कुणाचं काही चोरलेलं नाही, कुणावर हात उचललेला नाही, असं एवेलिओ म्हणाला होता. तिला तेवढं पुरलं.

दाखला आला त्या दिवशी तिने रजा काढली आणि दोघं मोंतेविदेओच्या परवाना कचेरीत गेली. खिडकीमागचा कारकून पंचविशीतला होता. त्याने पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याला हसू फुटलं.

"अरे, इकडे ये," त्याने मागच्या टेबलावरच्याला हाक मारली. "या गृहस्थांना पाच वर्षं ठोकलीत. कशाबद्दल? गाय कापली म्हणून."

दुसरा काखेत थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला घेऊन आला. "किती गाई?"

"एक."

"एकीला पाच वर्षं? मग माझ्या सासऱ्याला जन्मठेपच."

खालच्या खानावळीतून भाजत असलेल्या बरगड्यांचा वास थेट वर येत होता. निदियाला वाटलं, पाकिटांची अदलाबदल झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता, आणि त्याच्या मानेवरूनच तिला कळलं की हे खरं आहे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी कुणावर भडकावं हेच तिला कळेना, म्हणून जो जवळ होता त्याच्यावर भडकली.

"हसायला काय झालं तुला? पाच वर्षं तू काढलीस का आत?"

कारकुनाचं हसू मावळलं. शिक्षा मोठी आहे, त्यामुळे फाईल वर जाईल, तुम्हाला पत्र येईल, असं त्याने खाली मान घालून सांगितलं आणि संगणकावर काहीतरी टिपून घेतलं.

परतीच्या बसमध्ये ती वेगळ्या बाकावर बसली. घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "बोल."

मग एवेलिओ बोलला. लग्न झाल्यापासून इतकं तो कधीच बोलला नव्हता. कामाग्वेजवळच्या एका गावात त्याची एक गाय होती, असुसेना. तिची आई मेल्यावर त्यानेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. साखर कारखान्याची उसाची आगगाडी कुरणाच्या मधूनच जायची. एका सकाळी तिने असुसेनाला उडवलं. मागचे दोन्ही पाय मोडले आणि गाय खड्ड्यात पडली. त्याच्या देशात गाय मालकाची असली तरी तिचं मरण सरकारचं होतं. निरीक्षकाने यायचं, बघायचं, लिहून द्यायचं, मगच सुरी लावायची. एवेलिओ सायकलवरून तालुक्याला गेला. निरीक्षक बैठकीला गेलेला. दुसऱ्या दिवशी निरीक्षक होता तर जीपमध्ये तेल नव्हतं. दोन दिवस गाय हंबरत होती. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी उजाडताच एवेलिओ खड्ड्यात उतरला.

मांस टाकून देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून दारोदार वाटलं. ज्यांना दिलं त्यांच्यातल्याच कुणीतरी जाऊन सांगितलं. न्यायाधीश म्हणाला, गाडीने काही केलेलं नाही, मांसासाठी पाय तूच मोडलेस. पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली साडेतीन वर्षं भोगली. तुरुंगातल्या दुसऱ्या वर्षी त्याची आई गेली, तिला मूठमाती द्यायलाही सोडलं नाही.

निदियाने सगळं ऐकून घेतलं. लग्नाआधी हे मला का नाही सांगितलंस, एवढंच तिने विचारलं.

"तू रोज कितीतरी कापतेस," एवेलिओ म्हणाला. "तू हसली असतीस."

ते खरं होतं. पहिल्यांदा तरी ती हसलीच असती. त्याने तिचा राग आणखी वाढला. तिने ओट्यावरची धुतलेली भांडी घेतली आणि पुन्हा घासायला बसली. त्या दिवशी आणि पुढचे पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

मग पत्र आलं. 'आपण केलेल्या गुरांच्या चोरीच्या गुन्ह्याबाबत' लेखी खुलासा मागवला होता.

निदियाने ते वाक्य तीनदा वाचलं. तिचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या गुरांमागे घोड्यावर फिरला होता. सकाळी कुंपणाच्या तारेपाशी नुसती मुंडकी आणि आतडी सापडायची, आणि मालक आधी गड्यांवरच संशय घ्यायचा. घरात बाप कुणाला शिवी द्यायचा तर गुरं चोरणाऱ्यांनाच. आता तिच्याच नवऱ्यावर सरकारी कागदाने तो शिक्का मारला होता.

रविवारी तिचा भाऊ बायकोला घेऊन जेवायला आला. भावाचं नाव वॉशिंग्टन. इथल्या बापांना पोरांची अशी नावं ठेवायची फार हौस. परसात निखाऱ्यांवर मांस चढवलं होतं. वॉशिंग्टनने पत्र वाचलं, घडी घातली आणि एवेलिओकडे वळला.

"दाजी, आमच्या शेजारच्याचं वासरू सकाळपासून दिसत नाही. तुमचं काही म्हणणं?"

त्याची बायको फिसकन हसली. एवेलिओसुद्धा ओठांतल्या ओठांत हसला, पाहुण्यांचा मान म्हणून. निदियाने हातात फडकं घेतलं, जाळी उचलली आणि सगळ्यांचं जेवण राखेत उलटं केलं.

"आता हस."

मग वॉशिंग्टन वरमून म्हणाला, "अगं ताई, गंमत केली." खरं म्हणजे तो मनाने वाईट नव्हता. पाव आणि सॅलडवर जेवण उरकल्यावर त्याने सल्लाही दिला. शब्दाशी काय भांडायचं? चूक झाली, पस्तावलो, पुन्हा करणार नाही, एवढं लिहायचं, सही ठोकायची आणि परवाना खिशात घालायचा. निदियालाही ते पटलं. राग आपल्या जागी, पण माणूस देशात राहायला हवा.

एवेलिओने दोन दिवस खपून खुलासा लिहिला. एक पान. काय घडलं ते सरळ लिहिलं होतं, आणि शेवटी होतं: 'मला एका गोष्टीचा पश्चात्ताप होतो. मी दोन दिवस थांबलो.'

"हे तू सरकारला पाठवणार?" निदिया म्हणाली.

"हेच."

"आता मान ताठ झाली तुझी. मला सांगायची वेळ होती तेव्हा कुठे गेली होती?"

पान होतं तसंच गेलं.

चार महिन्यांनी दोघांना मुलाखतीला बोलावलं. सेन्योरा एत्चेवेरी नावाच्या साठीच्या अधिकारी होत्या. त्यांनी आधी निदियाला एकटीलाच आत घेतलं. लग्नाच्या वेळी तुम्हाला हे माहीत होतं का, असं विचारलं. होय म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर लग्नावर संशय. निदियाने क्षणभरही विचार केला नाही.

"नव्हतं माहीत."

"म्हणजे त्यांनी तुम्हाला फसवलं."

"लपवलं. त्याबद्दल मी त्याच्यावर चिडलेली आहे, आणि ते मी घरी बघून घेईन. ते तुमचं काम नाही."

एत्चेवेरीबाईंनी चष्मा काढला. निदियाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्या तर्जनीचं टोक गेलेलं, दोन्ही मनगटांना पट्टे.

"बावीस वर्षं मी हेच करते," ती म्हणाली. "नाताळला कंपनी मला सायडरची बाटली आणि गोड पाव देते, वर शाबासकी देते. त्याने जन्मात एकदा केलं, स्वतःच्या गाईला, तिचे हाल बघवेनात म्हणून. त्याला तुरुंगात घातलं. ते तिकडचे लोक. पण चोर कुणी केलं त्याला? तुम्ही."

एत्चेवेरीबाई शांतपणे म्हणाल्या की संगणकात गुन्ह्यांची ठरलेली यादी आहे, त्यातला जवळचा शब्द निवडावा लागतो. "स्वतःची गाय असा गुन्हा यादीत नाही, बाई."

"नसणारच. कारण तो गुन्हा नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि एवेलिओला आत बोलावलं. तो पाच मिनिटांत बाहेर आला. काय विचारलं म्हणून निदियाने विचारलं, तर म्हणाला, गाईचं नाव विचारलं.

मार्चमध्ये कार्ड घ्यायला या असं कळलं. खिडकीवर तोच कारकून होता. या वेळी तो अदबीने वागला, अभिनंदनही केलं. त्याने कार्ड आणि मंजुरीचा आदेश पुढे सरकवला. निदियाने कार्डाला हात घातला, पण एवेलिओ आदेश वाचायला लागला, ओळीखाली बोट धरून. 'गुरांच्या चोरीचा पूर्वीचा गुन्हा विचारात घेऊनही...' इथे बोट थांबलं. त्याने निदियाच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि दोन्ही वस्तू परत सरकवल्या.

"मी चोर नाही."

कारकून म्हणाला, अहो, हे फाईलमध्ये राहणार, कोण बघतंय?

"मी बघतोय."

कारकुनाने समजावलं. दुरुस्ती मागितली तर फाईल पुन्हा वर जाईल, चार-पाच महिने लागतील, तोवर कार्ड मिळणार नाही. निदियाचा तोल सुटला. वर्ष गेलं होतं, तिच्या सगळ्या रजा गेल्या होत्या, भावाशी वाकडं आलं होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" ती त्याला म्हणाली. "घे ते कार्ड आणि चल."

तेव्हा एवेलिओ ओरडला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"न्यायाधीश म्हणाला पाय मीच मोडले, तेव्हा मी गप्प बसलो. साडेतीन वर्षं गप्प बसलो. आता नाही बसणार."

रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. निदियाला त्या घटकेला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. आणि त्याच वेळी तिला दिसलं, की इतके दिवस ती याच्या वाटचं चिडत होती, याला स्वतःला चिडायला जागाच ठेवली नव्हती. ती खिडकीकडे वळली.

"दुरुस्तीचा अर्ज दे," ती कारकुनाला म्हणाली. "आणि पेन चालणारं दे."

पाच महिन्यांचे सात झाले. मध्येच एवेलिओच्या तात्पुरत्या ओळखपत्राची मुदत संपली. दुकानदार म्हणाला, माझ्यावर दंड बसेल, आणि त्याला कामावरून काढलं. तो परसात बसून लोकांचे फ्रिज दुरुस्त करू लागला. निदियाने जादा पाळ्या घेतल्या. संध्याकाळी घरी आली की तो न सांगता तिच्या मनगटांना गरम पाण्याचा शेक द्यायचा आणि ती शेक घेता घेता त्याला बोल लावायची. त्याच्या देशावरून, तिच्या देशावरून, त्याच्या हट्टावरून. तो आता अधूनमधून उलट उत्तरं द्यायला लागला होता. एकदा तर दोघं इतक्या जोरात भांडली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

ऑक्टोबरमध्ये कार्ड घरी आलं. सोबत नवा आदेश. चोरी हा शब्द काढला होता. त्या जागी लिहिलं होतं, 'इतर'.

एवेलिओने वाचलं, व्यवस्थित घडी घातली आणि खिशात ठेवलं. निदियाने त्याच्या खिशातून कागद ओढून काढला.

"इतर? इतर म्हणजे काय? दरोडाही इतर, खूनही इतर. खरं लिहायला यांना एक ओळ जड झाली?"

"चोर नाही म्हणाले. मला पुरे आहे."

"तुला असेल. मला नाही."

एवेलिओने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, सोमवारी मला काम आहे, तुला जायचं असेल तर जा.

सोमवारी निदियाने बिनपगारी रजा टाकली आणि एकटीच मोंतेविदेओची बस पकडली. कारकुनाने तिला जिन्यावरून येताना लांबूनच पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून खिडकीची झडप खाली ओढली. निदियाने झडपेवर दोनदा बुक्की मारली. झडप उघडली नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसली. जेवणाची सुट्टी संपली की त्यांना ती उघडावीच लागणार होती.