उचललेल्या वाती

यंत्र कोणी थांबवलं, असं प्रोफेसर हार्टविशनी विचारलं होतं. प्रयोगशाळेत जळक्या तेलाचा वास कोंडला होता आणि त्या वासात ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी, भास्कर आणि यशवंत, मयताला आल्यासारखे, एकमेकांकडे न बघता उभे होते.

जळून गेलं होतं ते एका ब्रिटिश इंजिनाचं बेअरिंग. मध्यम वजनाच्या मालगाड्यांसाठी ब्रिटिशांनी ‘फोर एफ’ जातीची इंजिनं शेकड्यांनी बांधली होती. सहा चाकं, पोटात दडवलेले सिलिंडर, सोशिक स्वभाव. आणि एकच खोड, की चाकांचा आस ज्यात फिरतो ते अ‍ॅक्सल बॉक्स लवकर तापायचे. ते का तापतात, याचा शोध घ्यायला त्यातला एक बॉक्स इंग्लंडहून हॅनोव्हरच्या या संस्थेत आला होता. भास्कर आणि यशवंत यांचं संशोधन त्याच्यावरच उभं होतं. चाचणी गेल्याच आठवड्यात सुरू झाली होती, आणि दुसरा बॉक्स मिळणार नव्हता.

“शनिवारी यंत्र कोणी थांबवलं?” प्रोफेसरांनी पुन्हा विचारलं.

“मी,” यशवंत म्हणाला.

“आणि आज सकाळी सुरू कोणी केलं?”

“मी, हेर प्रोफेसर,” भास्कर म्हणाला.

“आल्झो, असं तर. दुपारी मला कारण हवं.” चष्मा पुसत ते बाहेर पडले. त्यांच्यामागून यशवंतही गेला.

एकटा उरल्यावर भास्करनं बॉक्सवरच्या तेलाच्या डबीचं झाकण उचललं. लोकरीच्या वाती तेलात नव्हत्या. ज्या वाती तेल पिऊन थेंबाथेंबानं आसावर सोडायच्या, त्या डबीच्या काठावर शेजारी शेजारी, निगुतीनं निजवून ठेवलेल्या होत्या. आस सकाळभर कोरडाच फिरला होता. आणि वाती काही उंदीर उचलून ठेवत नाहीत.

पुढच्या वर्षासाठी संस्थेत सहायकाची जागा एकच होती. ज्याला ती मिळणार नाही त्याची डॉक्टरेट अर्धी राहणार आणि त्याला परतीची बोट धरावी लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. “तू हो पुढे, मी आवरतो,” हे यशवंतचं शनिवारचं वाक्य आता भास्करला वेगळंच ऐकू येऊ लागलं. यशवंतचं ते गुणगुणणं, मागच्या आठवड्यात प्रोफेसरांच्या दाराशी रेंगाळणं, सगळं नव्यानं दिसू लागलं. संशय बाहेरून काही आणत नाही. घरातलंच सामान हलवून मांडतो, आणि मग आपल्याच घरात आपण ठेचकाळतो.

यशवंत अंगणात, चेस्टनटच्या झाडाखाली पाव खात बसला होता.

“भूक बरी लागते रे तुला.”

“का, सुतक पाळायचंय का?” यशवंत हसला. “बस. चीज आहे, आंबलेलं. तुझ्या तोंडासारखं.”

“वाती तू काढल्यास.”

“हो.”

इतका सरळ होकार भास्करला अपेक्षित नव्हता. “आणि वर निर्लज्जासारखा हो म्हणतोस?”

“मग काय नाही म्हणू? यंत्र दोन दिवस उभं राहणार होतं. वाती तेलात ठेवल्या तर सगळं तेल ओघळून जातं. भुसावळच्या शेडमध्ये इंजिन उभं राहिलं की आधी वाती वर घेतात आणि निघण्यापूर्वी परत सोडतात. आमचे अण्णा ड्रायव्हर. घरातला दिवा मालवावा तसं ते करायचे, न बोलता.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुला?” यशवंतचा घास हातातच राहिला. “अरे, इथला मेकॅनिक असता तर सांगितलं असतं. या लोकांना पंपानं तेल सोडायची सवय. पण तू परळच्या वर्कशॉपात सहा महिने इंग्लिश इंजिनांखाली काढलेले. तुला वाती शिकवायच्या म्हणजे तुझा अपमानच की.”

परळचे सहा महिने भास्करनं काढले होते ते ड्रॉइंग ऑफिसात, पंख्याखाली, पांढऱ्या शर्टात. इंजिनं त्याला खिडकीतून ऐकू यायची, एवढंच. प्रोफेसरांना मात्र त्यानं वर्कशॉप सांगितलं होतं, आणि ही चाचणी त्याच्या हाती आली होती ती त्याच बळावर.

“चल,” यशवंत कपडे झटकत उठला. “दोघं मिळून सांगू. मी उचलल्या, तू बघितल्या नाहीस. अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. म्हातारा ओरडेल आणि...”

तो मध्येच थांबला. भास्करकडे बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा हळूहळू ओसरला.

“पण तू झाकणसुद्धा कसं उघडलं नाहीस? शेडमधलं माणूस आधी तेल बघतं, मग हात लावतं.” त्याचा आवाज खाली आला. “भास्कर, तू परळला इंजिनाखाली कधी गेला होतास का रे?”

हो म्हणावं, तर माहीत असून बघितलं नाही असं ठरणार. नाही म्हणावं, तर सारंच खोटं. जागा दोन्ही उत्तरांत जात होती. यशवंत अजून वाट बघत उभा होता, रागानं नव्हे. तसा रागावला असता तर सोपं गेलं असतं.

भास्करनं कोटाची कॉलर वर केली, पाठ फिरवली आणि तो फाटकाच्या दिशेनं चालू लागला.