अश्म्यावरचा बाण

बाबांच्या दहाव्याला दिवेआगरच्या किनाऱ्यावर पिंड मांडले गेले, तेव्हा श्रद्धाला तो दगड दिसला. अग्नी द्यायला मुलगी नको म्हणत भाऊकाकांनी तिला स्मशानात येऊ दिलं नव्हतं. मडकं फोडायला लागणारा अश्मा त्यांनी घाईत बाबांच्या ओटीवरून उचलला होता. दहा दिवस तिलांजली झेललेल्या त्या काळ्या दगडावर पांढरा बाण होता.

बाबा, म्हणजे भूशास्त्रज्ञ देवव्रत, खडकातून तुकडा काढण्याआधी त्यावर उत्तर दिशा आखून घेत. बाणाशिवाय दगड मुका, म्हणत. कोकणची ही किनारपट्टी सेशेल्सच्या बेटांपासून केव्हा तुटली, या एका प्रश्नात त्यांची हयात गेली. हा तुकडा शेखाडीकडच्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतीतला. ती भिंत आता नव्हती. भाऊकाकांनी जागा विकली आणि घेणाऱ्याने सुरुंग लावले. उरला होता एवढाच. त्यात गोठलेल्या चुंबकत्वाच्या दिशेची मोजणी झाल्याशिवाय बाबांचा शेवटचा निबंध छापला जाणार नव्हता, आणि ती मोजणी श्रद्धा पुण्याच्या प्रयोगशाळेत करणार होती.

तिने गुरुजींना हळू आवाजात विनवलं, विसर्जनाला दुसरा दगड चालेल का. गुरुजींनी काकांकडे पाहिलं.

"वादळात पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा तुझा बाप कुठं होता?" काका म्हणाले. "दगडं चाटत हिंडत होता. आता जीव त्यात उतरवलाय, तर तू तो करवतीनं कापणार?"

तेवढ्यात कावळा आला. कुणी काही कबूल करण्याआधीच पिंडाला शिवला.

"पाहिलंस? त्याचं काही अडकलेलं नाही. अडकलंय ते तुझं."

ते खरं असेल, असं श्रद्धाला वाटलं. काकांनी अश्मा उचलला आणि हात मागे नेऊन ताकदीनं समुद्रात भिरकावला. विसर्जन असं कुणी करत नाही.

ओहोटी होती. दगड पडला तिथून नजर न हलवता ती साडीसकट पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात वाकून वाळू चाचपत राहिली. किनाऱ्यावरून कुणी हाक मारली नाही.

ती बाहेर आली, तेव्हा दगड हातात होता. बाण पुसट झाला होता, पण होता. उरलासुरला पुसला जाईल म्हणून तिने दगड पदराने कोरडासुद्धा केला नाही.

"अश्मा घेऊन माझ्या उंबऱ्यात यायचं नाही," काका म्हणाले.

"नाही येत," ती म्हणाली आणि तशीच ओलेत्याने एसटीच्या थांब्याकडे निघाली.